इंदुमतीच्या शंका

तोडकर ऑफिसात आले तेव्हा मी इंदुमतीचं पत्र लिहीत होतो.

वाचत नव्हतो, लिहीत होतो. बुधवारच्या सदराचा मजकूर सोमवारी संध्याकाळी कंपोझिंगला द्यावा लागे, आणि तीन वाजून गेले तरी माझ्याकडे चारपैकी तीनच शंका तयार होत्या. चौथी इंदुमतीची. तिची मी नेहमी शेवटी लिहायचो, जेवणात गोड शेवटी खावं तशी.

"इंग्रजीचे मास्तर हितंच बसत्यात का?" दारातून कोणीतरी विचारलं.

साठीच्या आसपासचा माणूस होता. धोतर, टोपी, खांद्याला कापडी पिशवी. भुवया पांढऱ्याशुभ्र. जवळ आल्यावर कळलं, वयाचा पांढरेपणा थोडाच होता, बाकीचं पीठ होतं. मी खुर्ची दिली. त्यांनी आपलं नाव सांगितलं. ज्ञानदेव तोडकर, तासगावात पिठाची गिरणी. आडनाव कानावर पडलं आणि माझा हात आपोआप समोरच्या कागदावर गेला. तो मी पालथा केला.

त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढली. पानापानांवर आमच्या पेपरातली कात्रणं खळीनं चिकटवलेली, प्रत्येकाखाली तारीख. सदर अख्खं कापलेलं नव्हतं. चार शंकांपैकी एकच कापून घेतलेली होती, दर वेळी एकाच नावाची. कु. इंदुमती ज्ञानदेव तोडकर, मिरज.

"ही माजी पोरगी," ते म्हणाले.

इथे मला माझं पाप आधी सांगून टाकलं पाहिजे.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. सांगलीतल्या एका चार पानी दैनिकात मी मुद्रितं तपासायचो. इंग्रजीत एम.ए. झालेला ऑफिसात मी एकटाच, म्हणून 'इंग्रजीचे मास्तर' हे सदर माझ्या गळ्यात पडलं. वाचकांनी शंका विचारायच्या, मी निरसन करायचं. सुरुवातीला पत्रं आली. 'शॅल' कधी आणि 'विल' कधी, चुलतभावाला 'कझिन ब्रदर' म्हणावं का, 'सिन्स' आणि 'फॉर' यांत फरक काय. बँकेच्या परीक्षेला बसणारी पोरं, बढतीसाठी धडपडणारे कारकून, नववीतल्या मुली. दोन महिन्यांत सगळ्यांच्या शंका फिटल्या की काय कोण जाणे, पत्रं यायची थांबली. मी संपादकांकडे गेलो आणि सदर बंद करू म्हणालो.

आमचे संपादक आवटीसाहेब या धंद्यात मुरलेले. त्यांनी मला जुन्या अंकांच्या कपाटापाशी नेलं आणि जून-जुलैचे गठ्ठे दाखवले. त्यात शाळाशाळांच्या गुणगौरवाच्या याद्या असत. नाव इथून उचलायचं आणि गाव बदलायचं, असा त्यांचा शिरस्ता. मनानं रचलेलं नाव नाटकातलं वाटतं, म्हणून नाव खरं हवं. आणि गाव बदललं की कोणी जाब विचारायला दारात येत नाही. चाळीस वर्षांत कोणी आलं नाही, असं ते अभिमानानं म्हणाले.

तेव्हापासून मी शंकाही लिहू लागलो. माझे प्रश्नकर्ते एकेका आठवड्याचे पाहुणे असत. पण इंदुमती राहिली. आठ वर्षांपूर्वीच्या यादीत तिचं नाव होतं, तासगावच्या शाळेत इंग्रजीत पहिली. मी तिला मिरजेला नेऊन ठेवलं. तिच्या पहिल्या शंकेसाठी एक चुकीचं वाक्य हवं होतं, तर हाताशी जे होतं ते घेतलं. 'आय हॅव लिव्ह्ड इन धिस रूम सिन्स टू इयर्स.' मी या खोलीत दोन वर्षांपासून राहते. त्यावर मास्तरांनी 'फॉर टू इयर्स' कसं ते समजावलं. खोली अर्थात माझी होती, गावभागातली, आणि दोन वर्षंही माझीच.

मी मूळचा राजापूरकडचा. आई गेली, भावाशी फाटलं, आणि गावाकडून पत्र येणं थांबलं. सांगलीत मला नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती, एक आवटीसाहेब आणि दुसऱ्या, मी जेवायचो त्या खानावळीच्या गोदामावशी. त्यामुळे इंदुमतीला जे जे इंग्रजीत चुकीचं लिहायला लावलं, ते ते मला मराठीतसुद्धा कोणाला सांगता येत नव्हतं. दिवाळीत माझ्या खोलीवर कोणी आलं नाही, हे तिनं दोन नकार एकत्र घालून लिहिलं आणि मास्तरांनी एक नकार काढून टाकला. 'अलोन' आणि 'लोनली' यांतला फरक तिनं विचारला, तर मास्तरांनी जरा जास्तच लांबण लावून सांगितला. दर बुधवारी पेपर हातात पडला की मी आधी तिचं वाचायचो. आपणच लिहिलेलं आपण वाचतोय याची मला लाज वाटायची, पण वाचायचो.

आणि आता तिचा बाप समोर बसला होता.

तोडकरांनी आपली हकिकत फार न वाढवता सांगितली. चार वर्षांपूर्वी पोरीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं. हे चिडले. चिडून एक वाक्य बोलले. ते वाक्य सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्या म्हनलं, जातीस तर जा. पर हितनं फुडं माजं नाव लावायचं न्हाई."

ती गेली. मग पत्ता नाही, चिठ्ठी नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गुरुजींनी पेपर आणून दाखवला. तोडकरांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि बोटानं नावाचा मधला शब्द दाखवला. बोटाच्या चिरेत पीठ भरलेलं होतं.

"बगा, मास्तर. लावलंय. माजं नाव लावलंय तिनं."

लग्न झालेल्या बाईच्या नावात मधे नवरा येतो, हे मला काय माहीत नव्हतं? यादीतलं नाव जसंच्या तसं उचलताना त्या मधल्या नावाचा एक जिवंत माणूस असेल, हे तेवढं सुचलं नाही. शिवाय नावाआधी 'कु.' मी माझ्या मनानं जोडलं होतं. आवटीसाहेबांच्या मते अविवाहित मुलींची पत्रं लोक आवडीनं वाचतात. त्या एका अक्षरावरून तोडकरांनी सगळा हिशेब मांडला होता. लग्न मोडलं असणार. नाही तर झालंच नसणार. पोरगी मिरजेत एकटी खोली घेऊन राहतेय आणि नोकरीसाठी इंग्रजी पक्कं करतेय. गुरुजींनी प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला होता. खोलीवर कोणी येत नाही. बोलायला माणूस नाही. जेवण एकटीनं.

"सोमवारी गिरनी बंद असती. ह्ये सात सोमवार मिरजंत हिंडतुय. टायपिंगचे क्लास बगितले, पोरींची वसतिगृहं बगितली. मानसं वाईट नजरंनं बगत्यात, म्हातारा पोरींच्या दारात कशाला हुबा ऱ्हातोय म्हून. पत्त्या द्या तेवढा."

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, अशी कोणी मुलगी मिरजेत नाही, ती पत्रं माझी आहेत. पण सात सोमवार ज्या माणसानं परक्या गावात मुलींच्या दारात अपमान सोसला, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी भ्यालो, हेच खरं. मी म्हणालो, ती पत्ता लिहीत नाही.

"मग पत्र तरी दावा. अक्षर बगतो."

छापून झाली की पत्रं फाडतो, असं मी सांगितलं. ते बराच वेळ पालथ्या कागदाकडे बघत बसले. तो फाडायचा राहिलेला कागद आहे अशी त्यांना शंका आली असती तर त्यांचं चुकलं नसतं. मग त्यांनी वही मिटली.

"तर मग तुमीच कळवा. तिला जवा उत्तर द्याल तवा त्यात घाला. दुसरीकडं छापू नका, गावात बोभाटा हुईल. म्हनावं, रेशनकार्डावरनं नाव कमी केल्यालं न्हाई."

लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करतात. तोडकरांकडे तलाठी दोनदा आला होता, दोन्ही वेळा त्यांनी कार्ड सापडत नाही म्हणून सांगितलं होतं. जायला उठले आणि दारात थांबले.

"तिची आय गेली मागल्या साली. त्ये लिवू नका. त्ये मी सांगीन."

ते गेल्यावर मी पालथा कागद फाडला आणि दुसरा घेतला. इंदुमतीनं या आठवड्यात विचारलं, 'स्टिल' आणि 'येट' यांत फरक काय. मास्तरांनी उदाहरणं देऊन सांगितलं. माझे वडील अजून तासगावात पिठाची गिरणी चालवतात. गिरणी अजून सोमवारीच बंद असते. माझं नाव अजून वडिलांच्या रेशनकार्डावर आहे. आणि 'येट'साठी, ती अजून घरी आलेली नाही. चारही वाक्यं इंग्रजीत, खाली मराठी अर्थ. आवटीसाहेबांनी मजकूर वाचला आणि विचारलं, हे व्याकरण आहे की हकिकत? मी म्हणालो, व्याकरण. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

बुधवारी ते छापून आलं. मी एका फसवणुकीवर दुसरी चढवली होती. म्हातारा आता मिरजेत हिंडणार नाही एवढीच त्यातली चांगली बाजू. तो आता घरी बसून वाट पाहणार होता, आणि जी मुळात नव्हतीच ती येणार कुठून?

पुढच्या आठवड्यात गुरुजींच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं. 'सोमवारी कोणी आले नाही. आपले आभार. ज्ञानदेव तोडकर.' त्याच्या पुढच्या आठवड्यात तसंच. तिसऱ्या कार्डात आभार नव्हते, तिची प्रकृती बरी आहे ना एवढं विचारलं होतं, कारण त्या आठवड्यात मी इंदुमतीची शंका छापलीच नव्हती. चौथं कार्ड आलं ते मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. गोदामावशींनी विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणालो.

एकदा वाटलं, तिला मिरजेतून कुठेतरी लांब पाठवून द्यावं. मुंबईत नोकरी लागली, असं एक शेवटचं पत्र. वाक्यसुद्धा तयार होतं. पण मग तोडकर मुंबईत हिंडले असते.

पाचव्या सोमवारी मी रजा टाकली आणि तासगावची एस.टी. धरली. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. आधी पाया पडायचं, मग सांगायचं, मग ते जे करतील ते सोसायचं. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता.

गिरणी स्टँडच्या मागच्या गल्लीत होती. पुढे बंद पट्ट्याचं जातं, मागे राहण्याच्या दोन खोल्या. दारात बायकी चप्पल होती आणि तिच्याजवळ दोन बोटांएवढे लहान बूट. आत तोडकर जमिनीवर बसले होते आणि वर्षा-दीड वर्षाची एक मुलगी त्यांची टोपी ओढत होती. मला बघून ते उठले, तशी ती पडली आणि रडायला लागली. आतून एक बाई आली आणि तिनं तिला उचललं.

"इंदे, ह्ये मास्तर," तोडकर म्हणाले.

मी तिला पाहिलं. माझी इंदुमती उंच होती, चष्मेवाली, जरा कृश. ही ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं नमस्कार केला. मला उगीचच वाटलं की माझं कोणीतरी आत्ताच वारलं.

कसं घडलं ते तोडकरांनीच सांगितलं. ती जतला असते. नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेत आमचा पेपर यायचा आणि नवरा दर बुधवारी थट्टा करायचा की तुझ्या माहेरच्या नावाची मिरजेत कोणी आहे. योगायोग म्हणून तिनं सोडून दिलं. मग गिरणी, सोमवार आणि रेशनकार्ड छापून आलं. ते वाचून ती चार आठवडे स्वतःशी भांडली आणि आज पहाटेच्या गाडीनं आली. आईचं तिला कळलं होतं. डोळे सुजलेले होते.

पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय. ती मिरजेची पत्रं..."

"म्हायती हाय," तोडकर म्हणाले. "ही म्हनती, म्या एकबी पत्र लिवल्यालं न्हाई."

ते मला बसायला सांगून स्वतः समोर बसले. रागावले नव्हते. उलट माझीच समजूत घालायची असल्यासारखे सावकाश बोलू लागले.

"म्या लई इचार केला, मास्तर. आमच्या इंदीचं नाव लावून कोन लिवत आसंल? कुनीतरी पोरगी आसनार. स्वताचं नाव लावायची चोरी आसंल बिचारीला. खोलीवर कुनी येत न्हाई, दिवाळीला कुनी न्हाई, ह्ये कोन खोटं लिवंल? माजी न्हवती, पर कुनाची तरी हायच की ती. तिचं पत्र आलं तर तुमी तिला सांगा. तासगावला म्हनावं येऊन जा. आमचं नाव लावलंयस, तर आमचीच हायस."

मी जमिनीकडे बघत होतो. इंदुमती लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, हे मला न बघताही कळत होतं.

चहा तिनंच आणला. तोडकर आत काहीतरी शोधायला गेले होते. कप माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "सर, त्या मुलीला इंग्रजी चांगलं येत होतं. दर वाक्यात चूक एकच असायची, आणि नेमकी शिकवायला सोयीची."

ती शाळेत इंग्रजीत पहिली आली होती, हे मी विसरलोच होतो. मी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता बापाला हाक मारणार.

"बाबा म्हणतायत ते तिला सांगा," ती म्हणाली. "माझंही तेच म्हणणं आहे. या दिवाळीला मी इथंच आहे. येऊन जा म्हणावं."

मी मान हलवली. तोडकर बाहेर आले ते दोन कापडी पिशव्या घेऊन. जोंधळ्याचं पीठ, शनिवारी दळलेलं. दोन्हींची तोंडं सुतळीनं बांधलेली. एक मास्तरांना, आणि दुसरी तिला.

"तिचा पत्त्या तुमास्नी न्हाई, ठावं हाय मला. पर कवातरी गाठ पडंल. तवर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

एस.टी.त बसायला जागा मिळाली. एक पिशवी मी पायांशी ठेवली आणि दुसरी मांडीवर. ती मांडीवरची हलकी नव्हती.

त्या बुधवारी सदरात तीनच शंका गेल्या. आवटीसाहेबांनी चौथी कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं, यापुढे जेवढी पत्रं येतील तेवढीच छापीन. दोन महिन्यांत सदर बंद झालं. दिवाळीच्या आधी तासगावहून पोस्टकार्ड आलं. या वेळी गुरुजींचं अक्षर नव्हतं, वळणदार, शाळेत पहिली आलेल्या मुलीचं होतं. वाट पाहतो, एवढंच त्यात होतं. मी गेलो नाही. स्टँडपर्यंत गेलो होतो, तासगावची गाडी लागलेली पाहिली आणि परत फिरलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोण म्हणून गेलो असतो? आज मी तोडकरांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. त्या घरी जायला हवं होतं असं मला दर दिवाळीला वाटतं.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. माझ्या खोलीत चूल नव्हती, स्टोव्ह नव्हता, परातसुद्धा नव्हती. स्टँडवरून मी तसाच खानावळीत गेलो आणि दोन्ही पिशव्या गोदामावशींच्या पुढ्यात ठेवल्या. याच्या भाकरी मला घालत जा, म्हणालो. मावशींनी सुतळी सोडली, चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, दळण झकास आहे. मग त्यांनी दुसऱ्या पिशवीकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"तीपण माझीच," मी म्हणालो.